जहाजावरचे बाबा

तुझ्या बाबांच्या तेराव्याला चार-पाच वयस्कर माणसं आली होती. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून पडवीच्या एका कडेला बसली होती, आपापसांत अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलत होती. त्यांचे फोन नंबर घेतलेस का? घेतले नसशील तर आजच्या आज मिळव. पेन्शनचे कागद, बँक, सातबारा, सगळं मार्गी लागेल. त्यासाठी कार्यालयं आहेत. जिल्ह्याच्या गावी सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे कुठला फॉर्म कुठे द्यायचा ते सांगतात. या पाहुण्यांसाठी मात्र कुठलंच कार्यालय नाही. तुझ्या बाबांबरोबर एका मेसमध्ये जेवलेली, एका वॉचला जागलेली ही माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांच्यातलं कुणीतरी जातं.

हे मी तुला मोठ्या बहिणीच्या हक्काने सांगते आहे. माझे बाबाही नेव्हीतलेच, जुन्या विक्रांतच्या बॉयलर रूममधले. आपल्या कोकणात अशी घरं गावोगावी आहेत. शाळा संपली की मुलगा मुंबईची वाट धरायचा, भरतीच्या रांगेत उभा राहायचा आणि मग वर्षातून दोन महिन्यांच्या रजेपुरताच गावचा उरायचा. गणपतीला आला तर शिमग्याला नाही. आपण वाढलो त्या वडिलांच्या रजेच्या तारखा मोजत. पेन्शन घेऊन ते कायमचे घरी आले, तोवर आपल्या वेण्या जाऊन ओढण्या आल्या होत्या. त्यांची विशी-तिशी, अंगातली रग, भीती, दोस्ती, हट्ट, सगळं जहाजावर गेलं. आपल्या वाट्याला आले ते नंतरचे बाबा. माझं तुला सांगणं एवढंच आहे, की ते आधीचे बाबा त्यांच्या शिपमेट्सकडे आहेत. ते मागून घे. आणि मागताना तुझ्याकडचे बाबा त्यांना दे.

फोन करशील तेव्हा "बाबा कसे होते हो, काका?" असं विचारू नकोस. "फार चांगला माणूस" एवढंच उत्तर येईल आणि दोघंही गप्प व्हाल. बारीक बारीक गोष्टी विचार. बाबा हॅमॉकमध्ये झोपायचे की बंकवर? वरचा की खालचा? मध्यरात्रीच्या वॉचला त्यांना उठवायचं कोण? जेवणात काय आलं की ते ताट बाजूला सारायचे? बंदराला लागल्यावर लिबर्टी, म्हणजे किनाऱ्यावर जायची सुट्टी मिळाली की पहिलं पाऊल कुठे पडायचं, पोस्टात की सिनेमाला? घरून पत्र आलं की ते एकटे वाचायचे की मोठ्याने? अशा प्रश्नांनी म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे जागा उभी राहते, आणि जागा उभी राहिली की तिथली माणसं आपोआप बोलू लागतात. घाई करू नकोस. मध्येच ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलायला लागतील, तेही ऐक. त्यांच्या आठवणीत तुझे बाबा एकटे नाहीत, एका मेसमधले दहा-बारा जण आहेत, आणि त्यातल्या एखाद्याची मुलगीही कुठेतरी तुझ्यासारखीच बसलेली असेल.

माझे बाबा घरी नेव्हीबद्दल फारसं बोलत नसत. "इंजिनात होतो," एवढंच. पण झोपायच्या आधी गॅसचा कॉक ते पुन्हा पुन्हा बघायचे. बोटांनी शेगडी चाचपायचे, नळी हुंगायचे, आडवे व्हायचे आणि परत उठायचे. आई वैतागायची. ते गेल्यावर त्यांचे एक शिपमेट आमच्याकडे दोन दिवस राहिले आणि तेव्हा मला 1971 चं वर्ष कळलं. विक्रांतला वाफेचे चार बॉयलर होते. त्यातल्या एकाला तडा गेलेला होता, आणि तरीही उरलेल्या तिघांच्या जोरावर तिला बंगालच्या उपसागरात लढाईला नेलं. विमानवाहू जहाजावरून विमान उडवायचं तर जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर जोरात धावावं लागतं. वाफ कमी म्हणजे वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे वर डेकवर वैमानिकाच्या जिवाशी खेळ. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखालच्या त्या जहाजाने 4 डिसेंबरला कॉक्स बाजारवर सी हॉक विमानं पाठवली, पुढे चितगावच्या बंदरावर हल्ले केले, आणि त्या काळात खाली, पाण्याच्या रेषेखाली, माझे बावीस वर्षांचे बाबा वाफेच्या दाबाचे काटे बघत उभे होते. "वर काय चाललंय ते आम्हांला दिसत नव्हतं," ते काका म्हणाले. "आम्हांला फक्त काटा दिसायचा. तुझा बाप काट्यावरून नजर काढायचा नाही. त्याला कुणी हाक मारली तरी तो काट्याकडे बघूनच बोलायचा."

मग मला ती शेगडी चाचपणारी बोटं समजली. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. युद्धाच्या इतिहासात विमानं असतात, ॲडमिरल असतात, काटा बघणारा पोरगा नसतो. तो फक्त त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या पोराच्या ध्यानात राहतो.

आता देण्याबद्दल. आपण समजतो की या काकांना सगळं ठाऊक आहे, पण त्यांनी तुझ्या बाबांना आजोबा झालेलं पाहिलेलं नाही. नातीला कडेवर घेऊन गुरांच्या मागे जाणारा, आंब्याच्या पेट्यांवर स्वतःच्या हाताने नाव घालणारा, भजनाला बसल्यावर डोळे मिटणारा माणूस त्यांना माहीतच नाही. ते सांग. माझ्या बाबांचे ते शिपमेट आमच्या पडवीत बसून बाबांनी लावलेल्या पोफळी मोजत होते. एवढी झाडं त्याने लावली, हे त्यांना खरंच वाटेना. जहाजावर तो कुंडीलाही पाणी घालणारा नव्हता म्हणे. जाताना त्यांनी चार सुपाऱ्या मागून घेतल्या. ही माणसं आपल्या मित्राचं उरलेलं आयुष्य ऐकायला येतात गं, नुसतं हार घालायला येत नाहीत. तुझ्या आईला त्यांच्यासमोर बसव. तिला बोलू दे.

काही गोष्टी कानांना टोचतील. जहाजावर रम मिळायची, बाबा घेत असतील. कधी लिबर्टीवरून उशिरा परतल्याची शिक्षा झाली असेल, कुणाशी हातघाई झाली असेल, एखाद्या मित्राला वाचवता आलं नाही म्हणून ते वर्षभर कुणाशी बोलले नसतील. तुझ्या काकांना सांगताना मध्येच वाटेल की पोरीला हे सांगायचं का, आणि ते थांबतील. "सांगा काका, मला चालेल," असं म्हण. माणूस गेल्यावर त्याला देव्हाऱ्यात बसवायची आपल्याला फार घाई असते, आणि तिथे बसवलेल्या माणसाशी भांडता येत नाही, त्याची कीवही करता येत नाही. तुला तुझे बाबा हवे असतील तर ते सगळेच्या सगळे घ्यावे लागतील. मात्र जे ऐकशील ते सगळं सगळ्यांना सांगायलाच हवं असंही नाही. आईच्या कानावर काय घालायचं हे तुझं तू ठरव. काही गोष्टी मी अजून माझ्याजवळच ठेवल्या आहेत आणि त्याचा मला त्रास होत नाही.

एक काम मात्र नीट कर, कारण त्यात पुढची पिढी हमखास फसते. बाबांच्या जहाजाचं नाव आणि वर्षं एकत्र लिहून ठेव. नौदलात जहाज निवृत्त झालं तरी नाव निवृत्त होत नाही, ते नव्या जहाजाला देतात. खलाशांच्या मनाला त्याचा फार आधार असतो. पण नातवंडं मोबाइलवर शोधतात तेव्हा भलत्याच जहाजाचा फोटो आजोबांच्या शेजारी लावतात. माझ्या बाबांची विक्रांत 1961 साली नौदलात आली आणि 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली. आत्ताची विक्रांत 2 सप्टेंबर 2022 ला कोचीनला दाखल झाली, जुनीच्या दुपटीहून मोठी. दोघींचा क्रमांक एकच, आर 11. माझ्या भाच्याने नवीचा फोटो छापून आणला होता. त्याला मी जवळ बसवून सांगितलं की या जहाजात बॉयलर नाहीत, गॅस टर्बाइन आहेत, आजोबा जिथे उभे राहायचे ती जागाच इथे नाही. मग त्याने जुनीचा फोटो शोधून काढला आणि आत खाली बॉयलर कुठे असतील ते पेन्सिलीने आखलं. मैसूरचंही तसंच. एक मैसूर म्हणजे मूळची ब्रिटिश क्रूझर नायजेरिया, 1957 ते 1985. दुसरी 1999 ची विनाशिका. दिल्लीही दोन. जुनी दिल्ली म्हणजे पूर्वीची अकिलीस, दुसऱ्या महायुद्धातल्या रिव्हर प्लेटच्या लढाईत होती ती. पुढे त्या लढाईवर इंग्रजी सिनेमा निघाला तेव्हा आपल्या नौदलाच्या दिल्लीनेच त्यात आपलं जुनं रूप वठवलं. तुझ्या बाबांचा एखादा सीनियर त्या सिनेमाची गोष्ट सांगत असेल तर ती थाप समजू नकोस.

विक्रांत निवृत्त झाल्यावर काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. बाबा आम्हांला घेऊन गेले होते, पण वरच्या डेकवर विमानांजवळ आम्ही फोटो काढत असताना ते एकटेच कुठेतरी खाली उतरायची वाट शोधत होते. मग जहाज धोक्याचं झालं म्हणून संग्रहालय बंद झालं आणि 2014 मध्ये मुंबईच्या दारुखान्यात ती तोडायला घेतली. तिच्या पोलादातून पुढे बजाजने मोटारसायकलची टाकी केली. काही जुन्या खलाशांनी ती गाडी आवडीने घेतली. बाबांनी घेतली नाही. ते त्या आठवड्यात वर्तमानपत्रच उघडत नव्हते. मला तेव्हा जे कळलं ते तुला सांगते. जहाज कितीही मोठं असलं तरी ते ठेवता येत नाही, त्याला खूप पैसा आणि खूप पाणी लागतं. जहाजावरची माणसं ठेवायची तर ती दुसऱ्या माणसांतच ठेवावी लागतात.

आणि ज्यांचं जहाजच माणसांसकट गेलं त्यांचं काय? तू लहान होतीस, तुला आठवणार नाही, पण आपल्या पंचक्रोशीत खुकरी या जहाजावरच्या एका खलाशाची बायको होती. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर भर समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने खुकरीवर पाणतीर सोडला, आणि काही मिनिटांत जहाज बुडालं. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि ते जहाजाबरोबरच राहिले. वाचलेल्यांनी त्यांना शेवटचं ब्रिजवर पाहिलं. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. नौदल दिन असतो 4 डिसेंबरला, क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला त्या रात्रीच्या आठवणीसाठी. म्हणजे सगळा देश आनंद करतो, आणि पाच दिवसांनी खुकरीच्या घरांची तारीख येते. काकी 4 तारखेला टीव्हीवरचा सोहळा बघायच्या, मन लावून बघायच्या. 9 तारखेला चूल पेटवायच्या नाहीत.

देह मिळाला नाही, म्हणून त्यांच्या दिरांनी दर्भाचा पुतळा करून संस्कार केला होता. पितृपक्षात चतुर्दशीला, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांच्या तिथीला, त्या घरात पान वाढलं जाई. तरी कितीतरी वर्षं रात्री एस्टीचा आवाज आला की त्या अंगणात यायच्या. कुणी त्यांना "आता विसरा" म्हणालं की माझी आई त्या माणसाला तिथेच गप्प करायची. तिचं मला आजही पटतं. ज्या बाईला चितेचा धूरही बघायला मिळाला नाही, तिला वाट बघायचा हक्क आहे, आणि तो तिने किती वर्षं वापरायचा हे गावाने ठरवू नये. तुझ्या ओळखीत असं एखादं घर असेल तर 9 डिसेंबरला तिथे जा. काही बोलायची गरज नाही, चहा घेऊन परत ये. जमलं तर त्यांच्या घरच्यांना दीवला घेऊन जा. तिथे टेकाडावर काचेत ठेवलेली खुकरीची प्रतिकृती आहे, 1999 मध्ये उभारलेली. शिवाय त्याच नावाचं नंतरचं जहाज, 2021 च्या डिसेंबरात निवृत्त झालेली दुसरी खुकरी, आता दीवलाच संग्रहालय म्हणून आहे. वेरावळपर्यंत रेल्वे, पुढे रस्ता. मेजर जनरल इयान कारडोझो यांनी या जहाजातून वाचलेल्यांच्या आठवणी जमवून इंग्रजीत पुस्तक लिहिलं आहे. ते मिळव आणि काकींसारख्या बायकांना मराठीत वाचून दाखव. पण आधी विचार, ऐकायचं आहे का. सगळ्यांना ऐकायचं नसतं.

गोव्याच्या लढाईत माणूस गेलेल्या घरांना 18 आणि 19 डिसेंबर जड जातात. 1961 मध्ये अंजदीव बेटावर उतरताना सात खलाशी मारले गेले. गोमंतक या नौदलाच्या तळावर त्यांचं स्मारक आहे. गोवा मुक्त झाला म्हणून आपण गुलाल उधळतो ते योग्यच आहे, पण त्या सात घरांत त्याच वेळी तार पोचत होती.

आणखी काही घरं अशी आहेत, ज्यांना आठवण काढायलाच पुढे कित्येक वर्षं संकोच वाटायचा. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत तलवार या सिग्नल शाळेतल्या खलाशांनी नासकं जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ सोसायची नाही असं ठरवून संप केला. दोन-तीन दिवसांत तो कराचीपर्यंत पोचला, 20,000 च्या आसपास खलाशी त्यात उतरले. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी गिरण्या बंद केल्या आणि रस्त्यावर गोळ्या खाल्ल्या. पुढे शेकडो खलाशांना कामावरून काढलं, आणि स्वातंत्र्य आल्यावरही त्यांना नौदलात परत घेतलं नाही. माझ्या मैत्रिणीचे आजोबा त्यातले. त्यांच्याकडे ना पदक, ना पेन्शन, ना कुठल्या समारंभाचं निमंत्रण. गणवेशातला एकच फोटो, तोही कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्राखाली. तिने तो बाहेर काढून आजोबांच्या गावच्या घरात दर्शनी भिंतीवर लावला, कुलाब्याला त्या उठावाचं स्मारक आहे तिथे मुलांना नेलं, आणि त्यांना सगळं सांगितलं. मला तिचा फार अभिमान वाटतो. कुणाची नोकरी कशी संपली यावरून त्याने समुद्रावर काढलेली वर्षं पुसायची नसतात.

आता तुझ्या कपाटातल्या वस्तू. बाबांची पदकं ब्रासो लावून चकचकीत करू नकोस. कडेला नीट बघ, तिथे त्यांचं नाव आणि सर्व्हिस नंबर बारीक कोरलेला असतो. दर दिवाळीला घासून घासून तो जातो, आणि मग ते पदक कुणाचंही होतं. 1971 ची पदकं असतील तर त्यांत संग्राम मेडल असेल, आणि बाबा कुठल्या बाजूच्या समुद्रात होते त्यावर पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार. तेवढ्यावरूनही बरंच कळतं. डिस्चार्जचे कागद लॅमिनेट करू नकोस, आतल्या आत ते पिवळे पडतात आणि मग सोडवताही येत नाहीत. साध्या कागदी पाकिटात ठेव, आत एक झेरॉक्स ठेव. सर्व्हिस नंबर मात्र तुझ्या वहीत वेगळा लिही, कारण पुढे काहीही विचारायचं झालं तरी तोच विचारतात. खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला कमोडोर, ब्युरो ऑफ सेलर्स यांच्याकडे असतात. कुठलं जहाज कुठल्या साली, हे तिथून कळू शकतं. पत्र लिहिताना आईच्या नावाने लिही, तिचं नाव बाबांच्या कागदांत नोंदलेलं असतं.

फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलने नावं लिही. बॉलपेनने पुढच्या बाजूला चेहऱ्यावर वण उठतो. नावं तुला माहीत नसतील, ती काकांना माहीत आहेत. त्यांना फोटो मोबाइलवर पाठव आणि फोन करून एकेक जण विचार, डावीकडून पहिला कोण, त्याच्या मागे टोपी तिरकी घातलेला कोण. ते नाव सांगतील, मग गाव सांगतील, मग म्हणतील, "हा गेला, दोन वर्षं झाली." तेही लिही. एखाद्या चेहऱ्यापाशी ते अडतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तुला फोन येईल की नाव आठवलं. चिडू नकोस, उचल. त्या रात्री ते त्या फोटोतल्या मेसमध्ये जाऊन आलेले असतात. त्यांची परवानगी घेऊन आवाजही रेकॉर्ड करून ठेव. सगळी नावं झाली की फोटोची एक प्रत मुंबईच्या मॅरिटाइम हिस्टरी सोसायटीसारख्या ठिकाणी द्यायचा विचार कर. ही संस्था व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी 1978 मध्ये सुरू केली. 1971 च्या युद्धात ते बंगालच्या उपसागरात कामोर्टा या जहाजाचे कप्तान होते, आणि निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहिले. आपल्या लोकांना समुद्राचा इतिहास जपायची सवय नाही, हे त्यांचं मोठं दुःख होतं.

शिपमेट्सचा व्हॉट्सॲप गट असेल. बाबांचा नंबर त्यातून काढू नकोस. बऱ्याच घरांत माणूस गेल्यावर सिमकार्ड बंद करतात आणि तो गट कायमचा तुटतो. तो फोन तू चालू ठेव, आणि एकदा तुझं नाव सांगून लिही, की मी अमक्याची मुलगी, मला इथे राहू द्या. कुणी नाही म्हणणार नाही. रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार येतील, ते येऊ देत. अधूनमधून एक काळ्या चौकटीतला फोटो येईल. त्याच्या खाली नुसते जोडलेले हात टाकून थांबू नकोस. त्या माणसाबद्दल बाबांच्या तोंडून तू एखादी ओळ ऐकली असशील तर ती लिही. गेलेल्याच्या घरात कुणीतरी ते वाचतं. माझ्या बाबांच्या वेळी विशाखापट्टणमहून कुणा अनोळखी मुलीने लिहिलं होतं, की माझे वडील तुमच्या वडिलांच्या हातच्या चहाबद्दल सांगायचे. माझ्या आईने ते मला चार वेळा वाचायला लावलं.

आणि आईकडे वळ. जहाजावर बाबा होते तसं जहाजामुळे ती घरी होती, एकटी. सासूचं दुखणं, तुमचे ताप, शेताचा बांध, भावकीतला वाद, सगळं तिने निभावलं, आणि नवरा नेमका कुठल्या समुद्रात आहे हेही तिला ठाऊक नसे. पत्ता कायम एकच असायचा, जहाजाचं नाव आणि मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. माझी आई त्या पत्त्यावर पत्र टाकायची आणि उत्तर येईपर्यंत रेडिओवरच्या बातम्या ऐकायची. बाबांच्या आठवणींच्या कार्यक्रमांत लोक आईला पहिल्या रांगेत बसवतात, शाल देतात आणि पुन्हा बाबांबद्दल बोलायला लागतात. तू तसं करू नकोस. तिला तिच्या बाजूचं विचार. 1971 च्या डिसेंबरात गावात बातमी कशी पोचली, तोवर ती काय करत होती, तिच्याजवळ कोण होतं. तिची पत्रं बाबांनी ठेवली असतील तर ती तिला परत दे, आणि ती म्हणेल तरच वाच.

यंदाच्या 4 डिसेंबरला एखादा कार्यक्रम असेल आणि तिला बोलावणं आलं, तर तिला एकटीला पाठवू नकोस. 2023 मध्ये नौदल दिनाचा सोहळा आपल्याच सिंधुदुर्गात, मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला तेव्हा मी आईला घेऊन गेले होते. गर्दी खूप, उन्हात उभं राहायला लागलं, पण लढाऊ जहाजं समोरून जाताना ती एकेका जहाजाचं नाव विचारत होती आणि मागे उभा असलेला एक पेन्शनर तिला सांगत होता. मुंबईत नौदलाच्या आवारात कार्यक्रम असला तर तुम्हा दोघींचं आधार कार्ड आणि बाबांचं पेन्शनचं पुस्तक बरोबर घे, मोबाइल गेटवरच ठेवून घेतात. आत आईला बसायला जागा मिळेल ना हे आधी फोनवर विचारून घे. तिच्या गुडघ्यांच्या गोळ्या तुझ्या पर्समध्ये ठेव, आणि घराबाहेर पडताना थर्मासमध्ये चहा भरून घे, तिथला चहा तिला गोड लागेल.